पिपाणीने मत खाल्लं, दाद कुठे मागायची?

कोरेगावकर:
सातारा लोकसभा, 2024. मत देऊन आल्यावर आजी म्हणाली, "दिलं बाबा तुतारीला." मी विचारलं, चित्रात माणूस होता का? "माणूस कुठला, नुसती तुतारी." पोटात गोळाच आला. शरद पवारांच्या राष्ट्रवादीचं चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस; नुसती तुतारी म्हणजे अपक्षाची पिपाणी, आणि यादीत तिचंही मराठी नाव 'तुतारी'च. पवारांचे शशिकांत शिंदे 32,771 मतांनी पडले, पिपाणीवाल्या अपक्षाला 37,062 मतं. सगळीच चुकून गेली असं नाही, पण आजीचं गेलं ना! यावर काहीच इलाज नाही?

रोहेकर:
आमच्या रायगडात 2014 ला याहून वाईट. सुनील तटकरे 2,110 मतांनी पडले आणि त्यांच्याच नावाच्या अपक्षाने 9,849 खाल्ली. तेव्हा मशीनवर फोटो नव्हते, ते 1 मे 2015 नंतर आले. फोटोने फरक पडतो, पण चष्मा घरी विसरलेल्या माणसाला नाव तेवढं कळतं.

वकीलकाका:
नामसाधर्म्याची याचिका सुप्रीम कोर्टाने मे 2024 मध्ये ऐकलीच नाही. आईबापांनी ठेवलेलं नाव, त्यावरून उभं राहायला कसं रोखणार? खोटी बदनामी केली तर लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 123(4) आहे, 45 दिवसांत हायकोर्टात जायचं. पण मतं फोडायला डमी उमेदवार मुद्दाम उभा केला हे सिद्ध कसं करणार? पैसे देणारा कागद ठेवत नाही.

कोरेगावकर:
विधानसभेला पिपाणी यादीत राहिलीच, फक्त मराठी नाव 'ट्रम्पेट' झालं. मग मीच नमुना मतपत्रिका घेऊन आजीजवळ बसलो. तिने माणसावर बोट ठेवलं, तीनदा.