फॉर्ममधला कचरा साफ करायला गेलो आन् किल्लारीचं कललर झालं

लातूरकर_कोडर:
मंडळी, मदत पाहिजे. आमच्या पाहुण्याची आडत हाय, त्याच्यासाठी साइट करून द्यायलोय, शेतकऱ्यानं घरूनच नाव, गाव, गट नंबर आन् सोयाबीनचे कट्टे किती ते भरायचं, एवढंच. कोड पीएचपीत, डेटाबेस मायएसक्यूएल. पण लोकं कुठूनबी कॉपी करून टाकतेत, एकानं नावापुढं फुलांचे इमोजी टाकले तर एन्ट्रीच सेव्ह होईना. म्हणून सर्व्हरवर रेगेक्स, म्हणजे कोणती अक्षरं ठेवायची ते सांगणारा नमुना, लावला, अक्षरं, आकडे, स्पेस ठेवायचं, बाकी सगळं उडवायचं. सकाळी यादी उघडली तर किल्लारीचं कललर, उदगीरचं उदगर आन् शिंदेचं नुसतं शद. पाहुणा म्हणतोय हे कोणतं नवीन गाव काढलंस बाबा. कामून व्हायलंय हे?

नांदेडचा_बॅकएंडवाला:
काना-मात्रा उडाल्या की भाऊ. युनिकोड म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना नंबर देणारी यादी, तिच्या हिशोबानं क, ल, र हे लेटर, पण वेलांटी, उकार, अनुस्वार, हलन्त हे मार्क, वेगळी कॅटेगरी. लेटरसोबत मार्कची प्रॉपर्टी बी टाक. आन् रेगेक्सच्या शेवटी यू फ्लॅग, म्हणजे युनिकोड धरून वाच अशी खूण, दिलाय का बघ, तो नसला तर पीएचपी एकेक बाइट बघतंय, आपलं एक अक्षर तीन बाइटचं, मधीच तुटलं की प्रश्नचिन्हं दिसतेत. इमोजीचं दुखणं वेगळं, ते चार बाइटचे आन् मायएसक्यूएलचं अक्षरं साठवायचं जुनं एन्कोडिंग यूटीएफ८ तीनच बाइट घेतंय. टेबल आन् कनेक्शन दोन्ही यूटीएफ८एमबी४ कर.

परभणी_जुनं_खोड:
कशाला एवढा कुटाणा. कोट आन् लेस दॅनचं चिन्ह उडवून टाक, इंजेक्शन बिंजेक्शन, म्हणजे फॉर्ममधून कुणी आपला कोड घुसवायचं, काही होत नाही. मी लई वर्षं तेच करायलोय.

बीडची_टेस्टर:
काका, असं नका सांगू हो. गट नंबरसारखा आकडा कोटशिवायच क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला दिलेल्या हुकमात, जातो, तिथं कोट उडवून काय अडणार? क्वेरीसाठी प्रिपेअर्ड स्टेटमेंट, म्हणजे हुकूम आणि भरलेली माहिती वेगवेगळी पाठवायची, आणि पानावर दाखवताना एचटीएमएल एस्केप, म्हणजे चिन्हं कोड न होता नुसती दिसतील असं करायचं, सेव्ह करताना नाही. आणि लातूरकर दादा, तुम्ही गट नंबरलाबी तोच रेगेक्स लावलाय ना? मग १२३/२ चं १२३२ झालं असंल, म्हणजे भलत्याचंच शेत. काना-मात्रा गेल्या तर दिसतं तरी, हे कुणाला कळणारबी नाही. प्रत्येक रकान्याला वेगळा नियम लावा आणि चुकीचं आलं तर गुपचूप पुसू नका, परत विचारा.

लातूरकर_कोडर:
ताई, बरोबर पकडलं, स्लॅश गेलेतच 🤦 मार्क टाकल्यावर गावं नीट झाली, पण आता एकाच आडनावाचे दोन नमुने यायलेत, एक कुऱ्हाडे आन् एक कुर्हाडे, हवर रफार चढलाय.

नांदेडचा_बॅकएंडवाला:
हे खास मराठीचं लचांड. आपला अर्धा ऱ दोन तऱ्हेनं टाइप होतोय. एक, नुक्तावाला ऱ आन् हलन्त. दुसरा, साधा र, हलन्त आन् त्यामागं झिरो विड्थ जॉइनर, जो डोळ्याला दिसत नाही. तुझा रेगेक्स तो जॉइनर कचरा समजून काढतोय, मग र चा रफार होतो. आचाऱ्याचा आचार्य व्हायचा असा. म्हणून साफसफाईच्या आधी र, हलन्त, जॉइनर दिसलं की त्याचं ऱ, हलन्त कर, मग सर्चमध्येबी दोन्ही कुऱ्हाडे एकच सापडतील. नुसतं एनएफसी नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराचे वेगवेगळे कोड एकसारखे करायची युनिकोडची रीत, लावून हे होत नाही, मी त्यात एक अख्खा रविवार घातलाय. झिरो विड्थ स्पेस आन् बॉम (फाइलच्या सुरुवातीची खूण), ही बी न दिसणारीच चिन्हं, मात्र खुशाल उडव.

परभणी_जुनं_खोड:
आमच्या जुन्या यादीत बी असे रफार हायेत, मला वाटलं टायपिस्टची चूक. टायपिस्टला उगंच बोललो.

लातूरकर_कोडर:
झालं, चालायलंय. पण आधीचा मूळ डेटा मी ठेवलाच नव्हता, साफ केलेलाच सेव्ह केला. आता पाहुण्याकडच्या कागदी पावत्या काढून एकेक गट नंबर परत भरायलोय, आन् पाहुणा शेजारी बसून चहा पाजायलाय.