विंडोज सर्व्हरवरून लिनक्सकडे येताना सुरुवात कुठून करावी?

ऐरोली_नाइटशिफ्ट

नमस्कार मंडळी. विंडोज सर्व्हर, अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी, पॉवरशेल हे नीट येतं. आता ऐरोलीच्या डेटा सेंटरमधल्या काही मशिनी आमच्या टीमकडे येताहेत. बहुतेक रॉकी लिनक्स, थोड्या डेबियन (तेही लिनक्सच) आणि एका क्लायंटच्या दोन एआयएक्स (आयबीएमचं युनिक्स). घरी ८ जीबी रॅमचा लॅपटॉप आहे. कमांडच्या याद्या हव्या तेवढ्या मिळतात, पण त्या पाठ करून रात्री एकट्याने सर्व्हर सांभाळता येईल असं वाटत नाही. विंडोजची कुठली सवय इथे नडते? सराव कसा करावा? ठाण्या-दादरला क्लास लावायची गरज आहे का?

रूट_मुलुंड

क्लासचं नंतर बघा. आधी लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स टाका आणि त्यात दोन व्हर्च्युअल मशिनी उभ्या करा: रॉकीला २ जीबी रॅम, डेबियनला १ जीबी, प्रत्येकी २० जीबी डिस्क. डेस्कटॉप टाकूच नका, नाहीतर माउसकडे हात जात राहील. इन्स्टॉल झाल्याबरोबर स्नॅपशॉट घ्या, म्हणजे बिनधास्त मोडता येईल. नेटवर्क नॅटवर (मशीन लॅपटॉपच्या पत्त्याआड) असेल तर विंडोजमधून आत शिरता येत नाही. पोर्ट फॉरवर्डिंगमध्ये बाहेरचा २२२२ आतल्या २२ ला जोडा आणि पॉवरशेलमधूनच एसएसएच (दुसऱ्या मशीनवर सुरक्षित लॉगिन) करा.

पहिले काही दिवस फक्त परवानग्यांना द्या, कारण विंडोजवाला सगळ्यात जास्त इथेच अडकतो. वाचायला ४, लिहायला २, चालवायला १. मालक, ग्रुप, बाकीचे, प्रत्येकाची बेरीज वेगळी. म्हणून ६४४, ७५५. एवढं सगळेच सांगतात. डिरेक्टरीवर याच तीन परवानग्यांचा अर्थ बदलतो, ते मात्र राहून जातं. तिथे ‘वाचणे’ म्हणजे आतली नावं दिसणे, ‘चालवणे’ म्हणजे आत शिरता येणे आणि ‘लिहिणे’ म्हणजे आत फाइल बनवता आणि पुसता येणे. म्हणजे फाइल पुसायचा हक्क फाइलवर नाही, तिच्या डिरेक्टरीवर असतो. ४४४ केलेली फाइलसुद्धा दुसरा पुसू शकतो, डिरेक्टरी त्याला लिहिता येत असेल तर.

‘एव्हरीवन – फुल कंट्रोल’ची सवय इथे ‘सीएचमॉड -आर ७७७’ (आतल्या सगळ्यावर सगळ्यांना सगळ्या परवानग्या) होऊन येते. कृपा करून हे कधीही करू नका. होम डिरेक्टरी सगळ्यांना लिहिता येत असेल तर एसएसएचचा सर्व्हर तिथली लॉगिनची किल्ली (की) मानतच नाही आणि तुम्ही बाहेर राहता. ‘/ईटीसी’ या सेटिंगच्या डिरेक्टरीवर चालवलंत तर सूडोही (अ‍ॅडमिनच्या हक्काने कमांड चालवणारा) आपली फाइल वाचायला नकार देतो. ‘.एसएसएच’ डिरेक्टरी ७००, आतली ऑथराइज्ड कीज ६००, हे पक्कं ठेवा. परवानगी नेमकी कुठे अडते ते कळत नसेल तर ‘नेमआय -एल’ला पूर्ण पाथ द्या, मुळापासून प्रत्येक पायरीची परवानगी एकाखाली एक दिसते.

रॉकीवर यानंतरही सुरक्षेचा एक थर आहे, एसईलिनक्स. तो प्रत्येक फाइलीवरचं लेबल बघून परवानगी ठरवतो. होममधली फाइल ‘एमव्ही’ने वेबच्या डिरेक्टरीत हलवली की जुनं लेबल तिच्यासोबतच जातं आणि ६४४ असूनही ब्राउझरला ४०३ (प्रवेश नाही) येतो. ‘एलएस -झेड’ने लेबल बघा, ‘रिस्टोरकॉन -आरव्ही’ने सुधारा. एसईलिनक्स बंद करून मोकळं होणं हा उपाय नाही.

लॉगवाचक

रूट_मुलुंड यांनी परवानग्या घेतल्या, मी रात्रीच्या फोनचं सांगतो: डिस्क भरली.

डिस्क किती भरली ते सांगणारा ‘डीएफ -एच’ १०० टक्के म्हणतो, फाइलींचे आकार मोजणाऱ्या ‘डीयू’ची बेरीज मात्र निम्मीसुद्धा नाही. विंडोजवर उघडी फाइल सहसा पुसताच येत नाही, म्हणून हा प्रश्न तिथे असा समोर येत नाही. इथे फाइलचं नाव म्हणजे आयनोडकडे (डिस्कवरच्या फाइलच्या नोंदीकडे) जाणारा एक दुवा. ‘आरएम’ तो दुवा तोडतो. शेवटचा दुवा गेला आणि फाइल उघडी ठेवणारी शेवटची प्रोसेसही सुटली, की मगच जागा मोकळी होते. कुणीतरी चालू सर्व्हिसचा ४० जीबीचा लॉग पुसला असेल तर तो ४० जीबी अजून अडकलेलाच आहे. ‘एलएसओएफ +एल१’ अशा फाइली आणि त्या धरून बसलेल्या प्रोसेस दाखवतो. ती सर्व्हिस रीस्टार्ट केली की जागा सुटते. पुढच्या वेळी चालू लॉग पुसू नका, ‘ट्रंकेट -एस ०’ने रिकामा करा, आणि जुने लॉग आपोआप बाजूला काढणारं लॉगरोटेट कायमचं लावा.

तेही नसेल तर ‘डीएफ -आय’. लाखो बारीक सेशन फाइलींनी आयनोड संपतात. जागा असूनही ‘डिव्हाइसवर जागा नाही’ असाच निरोप येतो. ईएक्सटी४ फाइलसिस्टिमवर डीफॉल्टने ५ टक्के जागा रूटसाठी (मुख्य अ‍ॅडमिन खात्यासाठी) राखीव असते, त्यामुळे रूटला लिहिता येतं आणि अ‍ॅप्लिकेशनला येत नाही, असंही दिसतं. आणखी एक छुपी जागा म्हणजे माउंट पॉइंटच्या, म्हणजे डिस्क जिथे जोडतात त्या डिरेक्टरीच्या खाली. बॅकअपची डिस्क माउंट झालेली नसताना जॉब चालला, तर सगळा बॅकअप मूळ डिस्कवर त्याच नावाच्या डिरेक्टरीत जातो. नंतर डिस्क माउंट झाली की तो झाकला जातो आणि ‘डीयू’ला दिसत नाही.

डिस्क जोडताना ‘/ईटीसी/एफएसटॅब’मध्ये (बूटला जोडायच्या डिस्कची यादी) यूयूआयडी, म्हणजे फाइलसिस्टिमचा स्वतःचा ओळख क्रमांक, वापरा. ओळ लिहिल्यावर ‘फाइंडएमएनटी --व्हेरिफाय’ आणि ‘माउंट -ए’ चालवल्याशिवाय रीबूट करू नका. चुकीच्या एका ओळीने मशीन इमर्जन्सी मोडमध्ये थांबतं, मग एसएसएच नाही, कन्सोल गाठावा लागतो. बूटला अत्यावश्यक नसलेल्या डिस्कला ‘नोफेल’ द्या, म्हणजे ती नसली तरी बूट अडत नाही.

आणि अडलं की रीस्टार्ट, ही सवय सोडा. आधी स्थिती बघायला ‘सिस्टिमसीटीएल स्टेटस’, मग लॉग बघायला ‘जर्नलसीटीएल -यू’, दोन्हींपुढे सर्व्हिसचं नाव. रीबूटने सर्व्हिस कदाचित उठेल, पण का पडली याचा पुरावा बऱ्याचदा पुसला जातो. एसएसएचची सेटिंग बदलताना एक सेशन उघडं ठेवा, ‘एसएसएचडी -टी’ने फाइल तपासा, सर्व्हिस रीलोड करा आणि दुसऱ्या खिडकीतून आत शिरता आलं तरच पहिलं बंद करा.

ऐरोली_नाइटशिफ्ट

मनापासून आभार. लगेच एक अडचण: नोटपॅडमध्ये लिहिलेली स्क्रिप्ट मशीनवर ‘बॅड इंटरप्रिटर’ म्हणते. ती दुरुस्त झाली तरी क्रॉनमधून (लिनक्सचा टास्क शेड्यूलर) चालेल ना? हाताने चालणारे जॉब क्रॉनमध्ये पडतात असं ऐकलंय.

रूट_मुलुंड

पहिलं कारण ओळींचा शेवट. विंडोज प्रत्येक ओळीला दोन अक्षरं लावतं, इथे एकच लागतं; जास्तीचं अक्षर ‘बॅश’च्या नावाला चिकटतं आणि त्या नावाचा प्रोग्रॅम सापडत नाही. ‘डॉस२युनिक्स’ चालवा.

क्रॉनला तुमच्या लॉगिनचं वातावरण मिळत नाही, पाथ अगदी तोकडा असतो. कमांडचा पूर्ण पत्ता लिहा आणि आउटपुट व एरर दोन्ही एका फाइलीत वळवा. क्रॉनटॅबमध्ये (क्रॉनच्या जॉबच्या यादीत) टक्क्याचं चिन्ह म्हणजे नवी ओळ, म्हणून तारखेच्या फॉरमॅटमध्ये त्याच्याआधी बॅकस्लॅश हवा. ‘क्रॉनटॅब -ई’ संपादन करतं, ‘-आर’ न विचारता सगळं पुसतं, आणि कीबोर्डवर ही दोन अक्षरं शेजारी आहेत. यादी दाखवणाऱ्या ‘क्रॉनटॅब -एल’ची प्रत आधी काढून ठेवा.

सर्व्हरचं घड्याळ आणि टाइमझोन दाखवणारा ‘टाइमडेटसीटीएल’ही बघा. सर्व्हर यूटीसीवर असेल तर ‘पहाटे ३:४५’चा जड जॉब मुंबईत सकाळी ९:१५ ला सुटतो, नेमका शेअर बाजार उघडताना.

एआयएक्स_फोर्ट

क्लासबद्दल: आरएचसीएसएची (रेड हॅटचं लिनक्स अ‍ॅडमिनचं प्रमाणपत्र) परीक्षा पूर्ण प्रात्यक्षिक असते, ३०० पैकी २१० गुण लागतात, आणि केलेलं काम रीबूटनंतर टिकलं पाहिजे. घरच्या मशीनवर प्रत्येक बदलानंतर रीबूट करून तपासत गेलात तर क्लासशिवाय जमेल.

एआयएक्सवर लिनक्सची बोटं आवरा. तिथे ‘किलऑल’ नाव घेऊन एक प्रोसेस मारत नाही, तुम्ही सुरू केलेल्या सगळ्या प्रोसेस मारतो. सोलारिस या दुसऱ्या युनिक्सवर तर तो सगळ्याच मारतो. नेहमी ‘पीएस’ने प्रोसेसचा नंबर शोधा, आधी १५ चा सिग्नल द्या (नीट बंद होण्याची विनंती), थोडं थांबा, ऐकलंच नाही तर ९ (जबरदस्तीने बंद). ‘डीएफ’ तिथे ५१२ बाइटच्या ब्लॉकमध्ये आकडे देतो, जीबीसाठी ‘डीएफ -जी’. हार्डवेअरच्या तक्रारी ‘ईआरआरपीटी’ कमांडमध्ये दिसतात. मेन्यूची सवय असेल तर एआयएक्सचा मेन्यूवाला ‘स्मिट’ वापरा, पण एंटर दाबण्याआधी एफ६ दाबा. तो कुठली कमांड चालवणार आहे ते दाखवतो. ती वहीत उतरवून घ्या. झालेल्या कमांड होममधल्या ‘स्मिट.स्क्रिप्ट’ फाइलीतही जमा होतात, शिफ्ट संपताना ती एकदा वाचत जा.