लोडसेलचा डिफरन्शियल ॲम्प्लिफायर: झिरो सरकतो, आउटपुटला रिंगिंग. सल्ला हवा

लाल_प्रोब
मंडळी, १० किलोचा लोडसेल (वजनाचा सेन्सर) आहे. ३५० ओहमचा ब्रिज, २ मिलिव्होल्ट प्रति व्होल्ट, एक्साइटेशन (ब्रिजला दिलेला व्होल्टेज) ५ व्होल्ट. म्हणजे पूर्ण वजनाला जेमतेम १० मिलिव्होल्ट मिळतात. एलएम३५८ च्या एका ऑप-ॲम्पवर चार रेझिस्टरचा नेहमीचा डिफरन्शियल ॲम्प्लिफायर केलाय: १के आणि २००के, सगळे १ टक्क्याचे, खालचा २००के ग्राउंडला. दुसऱ्या ऑप-ॲम्पचा बफर करून तीन मीटर शील्डेड केबलने सिग्नल एडीसीकडे (ॲनालॉगचं डिजिटल करणारा भाग) नेलाय.

गेन (सिग्नल किती पट वाढतो) २०० यायला हवा, येतो १७० च्या आसपास. सकाळी झिरो केला तर दुपारी शंभरेक ग्रॅम सरकलेला असतो. केबल लावली की स्कोपवर रिंगिंग (सिग्नलची थरथर) दिसतं. ते घालवायला फीडबॅकच्या २००के वर १ नॅनोफॅरड टाकला, तर रिंगिंग जैसे थे आणि वर मेन्सचा हम (विजेच्या लाइनचा गोंगाट) वाढला. कुठला आयसी घेऊ? आगाऊ धन्यवाद.

तांब्याची_तार
एवढा खटाटोप कशाला? सरळ एचएक्स७११ लावा. ॲम्प्लिफायर आणि २४ बिटचा एडीसी एकातच, गेन १२८.

लाल_प्रोब
तो आधी पाहिला होता. सेकंदाला फार तर ८० रीडिंग देतो. मला पट्ट्यावरून जाणारा माल तोलायचाय, ५०० तरी हवीत.

शून्य_व्होल्ट
आयसीचं नंतर बघू. तुमची दुखणी वेगवेगळी आहेत आणि तुम्ही सगळ्यांवर एकच औषध शोधताय.

आधी गेन. ब्रिजची प्रत्येक बाजू तुमच्या सर्किटला १७५ ओहमची दिसते (दोन ३५० समांतर). ते १७५ तुमच्या १के मध्ये मिळवा, ११७५ झाले. २००के ला ११७५ ने भागा, १७० येतात. आयसीचा यात काही दोष नाही. १के चा इनपुट ब्रिजला जड होतो, एवढंच.

आता रिंगिंग. जास्त गेन म्हणजे जास्त धोका असं बऱ्याच जणांना वाटतं, पण ऑप-ॲम्पच्या बाबतीत नेमकं उलट आहे. १७० गेनच्या स्टेजला फेज मार्जिन (थरथर न होता स्थिर राहण्याची मोकळीक) भरपूर असतं. कमी पडतं ते गेन १ च्या बफरला. एलएम३५८ ची डेटाशीट अशा बफरला फक्त ५० पिकोफॅरडपर्यंतच्या लोडची हमी देते. शील्डेड केबल मीटरला साधारण १०० धरा, म्हणजे तुम्ही ३०० लटकवलेत. बफरच्या पिनला लागूनच, फीडबॅक घेतल्यानंतर, केबलच्या सिरीजमध्ये १०० ओहम टाका.

लाल_प्रोब
टाकला. रिंगिंग गेलं! पण मग त्या १ नॅनोफॅरडने हम का वाढावा?

शून्य_व्होल्ट
कारण तो एकाच पायाला लावलाय. चार रेझिस्टरच्या सर्किटचं सगळं पुण्य दोन गुणोत्तरं सारखी असण्यात आहे. फीडबॅकला कपॅसिटर लावला तर खालच्या २००के लाही तेवढाच हवा. नाहीतर मेन्सच्या फ्रिक्वेन्सीलाच दोन बाजूंची गुणोत्तरं सहा-सात टक्क्यांनी फुटतात आणि कॉमन मोडमधला (दोन्ही इनपुटांवर सारखाच असलेला) हम आउटपुटला येतो. दोन्हीकडे एनपीओ सिरॅमिक घ्या, जमलं तर १ टक्क्याचे. एक्स७आर इथे नको, त्याची किंमत तापमानाने आणि व्होल्टेजने बदलते.

ट्रिमर_प्रेमी
आणि खालच्या २००के सोबत सिरीजमध्ये एक मल्टिटर्न ट्रिमर (बारीक फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) टाकून कॉमन मोड नल (शून्य) करा. फुकटात सीएमआरआर (कॉमन मोड दाबण्याची क्षमता) सुधारतो.

शून्य_व्होल्ट
नल केलेल्या दिवशी सुधारतो, हे मान्य. पण यांची तक्रार सरकण्याची आहे. ब्रिजवर २.५ व्होल्ट कॉमन मोड कायम बसलेला असतो. रेझिस्टर १०० पीपीएम (दहा लाखांत १०० भाग) प्रति अंशाचे असतील आणि चारही विरुद्ध दिशांना सरकले, तर इनपुटला अंशामागे सुमारे ६ मायक्रोव्होल्टची चूक येते. एलएम३५८ चा ऑफसेट (इनपुटला असलेली स्वतःची छोटी व्होल्टेजची चूक) स्वतः अंशाला साधारण ७ मायक्रोव्होल्ट सरकतो. तुमच्या स्केलवर १ ग्रॅम म्हणजे १ मायक्रोव्होल्ट. दुपारी १० अंश चढले की ऑप-ॲम्पचे ७० ग्रॅम आणि रेझिस्टरचे वाईटात वाईट ६० ग्रॅम. शंभरचा हिशोब लागला ना? ट्रिमर यातलं काहीच थांबवत नाही. उलट त्याचा स्वतःचा टेम्पको (तापमानाने किंमत बदलण्याचं प्रमाण) आणि पट्ट्याची कंपनं यांची भर.

तांब्याची_तार
मग ०.१ टक्क्याचे रेझिस्टर?

शून्य_व्होल्ट
सुटे घेण्यापेक्षा एकाच पॅकेजमधलं मॅच्ड नेटवर्क बरं, त्यातले चारही सोबत तापतात. गेन १ ला १ टक्क्याच्या रेझिस्टरने सीएमआरआर वाईटात वाईट ३४ डेसिबल असतो, ०.१ टक्क्याला ५४. पण या कामाला मी तो रस्ताच धरणार नाही. इन्स्ट्रुमेंटेशन ॲम्प्लिफायर (मॅच्ड रेझिस्टर आतच असलेला तयार आयसी) घ्या. तुमचा सप्लाय ५ व्होल्ट सिंगल आहे, त्यामुळे आयएनए३३३. ऑफसेट ड्रिफ्ट या गेनला जास्तीत जास्त ०.१ मायक्रोव्होल्ट प्रति अंश. गेनचं सूत्र १ अधिक १००के भागिले आरजी (गेन ठरवणारा बाहेरचा रेझिस्टर), म्हणजे ४९९ ओहमला २०१ मिळेल. आरजी मात्र कमी टेम्पकोचा घ्या, गेनचं सरकणं आता त्याच्यावर आहे. गेन १०० ला बँडविड्थ ३.५ किलोहर्ट्झ आहे, तुमच्या गेनला साधारण निम्मी. ५०० रीडिंगला पुरते.

एक खोच: आयसीच्या रेफरन्स पिनला (आउटपुटची शून्य पातळी ठरवणारी) नुसता रेझिस्टर डिव्हायडर जोडू नका. आत तीच चार रेझिस्टरची स्टेज आहे, डिव्हायडरचा रेझिस्टन्स एका पायात मिसळतो आणि घेतलेला सीएमआरआर पाण्यात. मध्ये बफर टाका.

लाल_प्रोब
बफरला एलएम३५८ चालेल? आणि केबलकडून आरएफ (रेडिओ फ्रिक्वेन्सीचा गोंगाट) शिरू नये म्हणून इनपुटला काय?

जुना_सोल्डर
बफरला चालेल, पण ऑफसेट ड्रिफ्ट इथे थेट आउटपुटला दिसतो. गेन २०१ मुळे तो इनपुटला नगण्य होतो, म्हणून काळजी नको. इनपुटला दोन्हीकडे सारखे रेझिस्टर, प्रत्येकाकडून ग्राउंडला छोटा कपॅसिटर आणि दोन्ही इनपुटांच्या मध्ये त्याच्या निदान दहापट मोठा. छोटे दोन थोडे वेगळे निघाले तरी मोठा ते झाकून नेतो.

आणि एडीसीचा रेफरन्स (ज्याच्याशी तुलना करून तो मोजतो तो व्होल्टेज) ब्रिजच्या ५ व्होल्टवरूनच घ्या. वेगळा ठेवलात तर एक्साइटेशन हललं की वजन हलेल, मग ॲम्प्लिफायर कितीही भारी असो.