सी प्रोग्रामची मेमरी : पाच कप्प्यांची आकृती शिकवावी की नाही?

धरमपेठकर :
काल येथे एका सदस्यांनी लिहिले की, सी भाषेच्या प्रत्येक प्रोग्रामची मेमरी आकृतीप्रमाणे खालून वर टेक्स्ट (प्रोग्रामचा कोड), डेटा (आरंभीची किंमत दिलेली ग्लोबल चले), बीएसएस (किंमत न दिलेली ग्लोबल चले), हीप (चालता चालता मागून घेतलेली मेमरी) आणि स्टॅक (फंक्शनांची तात्पुरती चले) अशीच असते, हीप व स्टॅक एकमेकांकडे सरकत भिडले की प्रोग्राम कोसळतो, आणि मुलाखतीला एवढे पाठांतर पुरते. सीच्या मानकाने स्टॅक वा हीप असे विभाग सांगितलेलेच नाहीत. कोणता ऑब्जेक्ट किती काळ जगतो, एवढेच तेथे ठरवले आहे. लिनक्सवर स्टॅकला सहसा ८ एमबीची मर्यादा असते, त्यामुळे बेलगाम रिकर्शन (फंक्शनने स्वतःलाच बोलावत राहणे) हीपच्या आसपास फिरकण्यापूर्वीच सेगमेंटेशन फॉल्ट देते, म्हणजे मनाई असलेल्या पत्त्याला हात लावल्यामुळे प्रोग्राम बंद पडतो. जीलिबसी या लिनक्सवरील सी-लायब्ररीचे मॅलॉक हे मेमरी मागण्याचे फंक्शनही मोठ्या मागण्या सहसा एममॅप करून, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमकडून वेगळा तुकडा घेऊन, भलतीकडूनच भागवते. मग हे भिडतात तरी कुठे?

महालवासी :
आपण एकदा फळ्यासमोर उभे राहावे, ही विनंती. १० लाख इंटचा (प्रत्येकी ४ बाइटच्या पूर्णांकांचा) ग्लोबल अ‍ॅरे नुसता घोषित केला तर तो बीएसएसमध्ये जातो आणि फाइल फुगत नाही. त्याच्या पहिल्याच घरात १ लिहिला की तो डेटात जाऊन फाइल सुमारे ४ एमबीने वाढते. हे मी स्वतःच्या लॅपटॉपवर विभागांचे आकार दाखवणारी साइझ कमांड चालवून दाखवतो, आणि आकृती नसती तर ते मुलांच्या डोक्यावरून गेले असते.

हिंगणा रोडवाला :
स्वतःच्या लॅपटॉपवर का, सर? कारण प्रयोगशाळेत अजून टर्बो सी, म्हणजे डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या काळातला निळ्या पडद्याचा कंपायलर, आहे! मी तेथे स्ट्रिंग लिटरलचे (कोडात अवतरणचिन्हांत लिहिलेल्या मजकुराचे) पहिले अक्षर पॉइंटरने बदलत असे आणि ते निमूटपणे बदलत असे. नागपूरच्या मिहानमधील एका मुलाखतीत तोच कोड लिनक्सवर चालवला, तेव्हा लिटरल रीड-ओन्ली भागात असल्याने प्रोग्राम जागीच मेला आणि नोकरीही गेली. आधी ते निळे भूत हाकला, मग आकृतीवर भांडा.

महालवासी :
प्रयोगशाळेतील संगणक मी विकत घेतो काय? लिटरलमध्ये लिहिणे हे अनडिफाइन्ड बिहेविअर आहे, म्हणजे परिणाम काय होईल याची मानक हमी देत नाही, हे मी वर्गात सांगत आलो आहे. आपण तेव्हा मागच्या बाकावर असाल.

हिंगणा रोडवाला :
बाक काढू नका. सांगणे वेगळे आणि मशीनने थोबाडीत मारणे वेगळे.

अजनीकर :
दोघांनीही थोडे थांबावे. ज्या टर्बो सीला शिव्या पडत आहेत, त्याच्या स्मॉल मॉडेल या मेमरी-रचनेत डेटा, हीप आणि स्टॅक ६४ केबीच्या एकाच सेगमेंटमध्ये नांदतात, म्हणजे वादातील आकृती तेथे अक्षरशः खरी आहे. एटीमेगा३२८पी या उपकरणांत बसणाऱ्या छोट्या चिपवर तर सारी रॅमच २ केबी असते. मी एका वजनकाट्याचे काम करत होतो; सारे संदेश सुरुवातीलाच रॅममध्ये उतरत, स्टॅक वरून खाली येऊन चलांवर चढे, आणि कोठलाही फॉल्ट न येता पडद्यावर भलतेच किलो दिसत. संदेश प्रोग्मेम या सूचनेने फ्लॅशमध्ये (प्रोग्राम साठवण्याच्या कायम मेमरीत) ठेवले, तेव्हा काटा ताळ्यावर आला.

धरमपेठकर :
वा! म्हणजे आकृती खरी ठरवण्यासाठी डॉस तरी हवे, नाहीतर २ केबीची चिप तरी. तेवढ्यापुरते मान्य करतो. परंतु मग आकृतीखाली मशीनचे नाव लिहा, आणि ‘प्रत्येक प्रोग्राम’ हे शब्द खोडा.

महालवासी :
नाव लिहीन. शेजारी लिनक्सवरील एका चालत्या प्रोसेसचा मॅप्सही (मेमरीत काय कोठे आहे याची यादी) लावीन, म्हणजे प्रत्येक वेळी पत्ते बदलतात हे मुलांना दिसेल. आकृती मात्र पुसणार नाही.

हिंगणा रोडवाला :
आणि टर्बो सी?