एलसीडी टीव्हीच्या बॅकलाइट ट्यूब तपासायला भंगारातल्या इन्व्हर्टरचा टेस्टर कसा करू?

कात्रज_रिपेअर
मंडळी, दुकानात अजून जुने 32 इंची सीसीएफएलवाले (मागून बारीक ट्यूबलाइटसारख्या ट्यूबने उजेड देणारे) एलसीडी येतात. गिऱ्हाईकाची तक्रार एकच, चालू केलं की चित्र येतं, दोनेक सेकंदात काळोख, आवाज मात्र चालूच. म्हणजे इन्व्हर्टर (ट्यूबला जास्त व्होल्टेजचा एसी देणारा बोर्ड) प्रोटेक्शनला जातोय, दोष दिसला की स्वतःच बंद होतोय, पण दोष ट्यूबचा की बोर्डाचा हे कसं ठरवायचं? मीटर काही सांगत नाही, या ट्यूबमधे फिलामेंटच नसतं, चांगली असो की मेलेली, ओपनच दाखवते. एलईडी बॅकलाइटचा टेस्टर आहे पण तो डीसी देतो, इथे उपयोग शून्य. माझ्याकडे लॅपटॉपचे काही इन्व्हर्टर आणि टीव्हीचे बोर्ड पडलेत, यातून काही जुगाड होईल का?

सोल्डर_आणि_चहा
टीव्हीचा बोर्ड टेस्टरला घेऊच नका. त्याला 24 व्होल्ट लागतात, शिवाय प्रत्येक ट्यूबचा करंट तो बघत असतो, एक जरी लावली नाही तरी बंद पडतो, म्हणजे तुमचं दुखणं तेच. लॅपटॉपचा घ्या, बऱ्याच जणांना 12 व्होल्टचा राउटरचा अडॅप्टर चालतो. कनेक्टरवर नावं नसतात बऱ्याचदा, पण फ्यूज ज्या पिनला जातो ती सप्लाय, रुंद कॉपर ती ग्राउंड, उरलेल्यात एक इनेबल (बोर्ड चालू करणारी) आणि एक डिम (उजेड कमीजास्त करणारी). 7805 रेग्युलेटर आयसी लावून 5 व्होल्ट काढा, ते 1के (किलोओहम) रेझिस्टरमधून इनेबलला द्या, डिमला 10के चा पॉट (फिरवायचा रेझिस्टर). डिमचं मात्र बघून घ्या, काही बोर्ड 0 व्होल्टला फुल उजेड देतात काही 5 ला, उलटं झालं की ट्यूब मंद दिसते आणि माणूस उगाच ट्यूबला शिव्या घालतो. पॅनल उघडायची गरज नाही, ट्यूबच्या वायरी मागे इन्व्हर्टरपाशी येतात तिथेच एकेक काढून लावायची.

आडवा_फेज
दादा, सल्ला अर्धाच बरोबर आहे. लॅपटॉपचा इन्व्हर्टर साधारण 30 सेंमीच्या ट्यूबसाठी असतो, चालू असताना 600-700 व्होल्ट, पेटताना त्याच्या दुप्पट वगैरे. 32 इंचीची ट्यूब 70 सेंमीच्या आसपास, तिला चालतानाच हजारभर लागतात. मग काय होतं, जास्त व्होल्टेजच्या वायरीकडून अर्ध्यापर्यंत उजेड आणि पुढे काळोख, कारण एवढ्या फ्रिक्वेन्सीला करंट काचेतून मागच्या पत्र्यात गळतो. लोक म्हणतात ट्यूब गेली. गेलेली नसते! अर्धी पेटली तर निकाल देऊच नका.
मी 19-22 इंची मॉनिटरचा इन्व्हर्टर सुचवीन. दोन किंवा चार आउटपुट असतात, प्रोटेक्शन यालाही असतं, म्हणून रिकाम्या आउटपुटला डमी लोड, म्हणजे ट्यूबऐवजी रेझिस्टर, द्यायचा. हिशोब सोपा: 700 व्होल्ट, 6 मिलीअँप, म्हणजे 117के च्या आसपास. 22के, 2 वॉटचे पाच रेझिस्टर सिरीजमधे जोडले की 110के होतात, मिळून चारेक वॉट खातात, कोमट राहतात. एकच मोठा रेझिस्टर लावू नका, त्याला एवढं व्होल्टेज झेपत नाही, पाचांत विभागलं की बरं.

सोल्डर_आणि_चहा
मान्य, लांबीचं लिहायला हवं होतं. पण मग जुन्या स्कॅनरचा बघा, त्यात नुसत्या दोन वायरींचा साधा रॉयर (जुन्या सोप्या सर्किटचा) इन्व्हर्टर असतो काहींमधे, प्रोटेक्शनची कटकटच नाही. छोट्या ट्यूबला झकास.

जुना_बाजार_प्रेमी
रविवारी किंवा बुधवारी पुण्याच्या जुन्या बाजारात चक्कर मारा, मेलेले मॉनिटर किलोच्या भावात असल्यासारखे मिळतात, घासाघीस करा मात्र. रेझिस्टर, सिलिकॉन वायर तापकीर गल्लीत. वायर आखूडच ठेवा, लांब वायर ग्राउंडजवळून नेली की तिथेच करंट गळतो. आणि हो, मीटरचं प्रोब आउटपुटला लावायचं नाही! साधा मीटर 40-60 किलोहर्ट्झ एसीसाठी नसतो, आकडा खोटा येतो आणि मीटर उडतो. हाताला लागलं तर झटक्यापेक्षा भाजतं जास्त, छोटं भोक पडल्यासारखं. प्लॅस्टिकच्या डब्यात बसवा आणि पुश बटण ठेवा, दाबलं तेवढाच वेळ चालू.

कात्रज_रिपेअर
काका लोकहो, भारी. मॉनिटरचा बोर्ड घेतो. एकच शंका, ट्यूब पेटते पण लालसर-गुलाबी दिसते आणि टोकं काळी, ती पास की नापास? आणि ज्या ट्यूबना टोकाला वायर नसून नुसत्या धातूच्या टोप्या असतात त्यांचं काय?

आडवा_फेज
गुलाबी म्हणजे पारा संपत आलाय, नापास धरा. थंडीत सुरुवातीला थोडी लालसर दिसते ते वेगळं, दोन-तीन मिनिटं चालू ठेवून बघा. टोपीवाल्या म्हणजे ईईएफएल (इलेक्ट्रोड काचेच्या बाहेर असलेल्या ट्यूब), त्या एकाच इन्व्हर्टरवर पॅरलल चालतात, व्होल्टेज अजून जास्त लागतं. टोप्यांना क्लिप लावून पेटली तर चांगली, नाही पेटली तर आधी टेस्टरवर संशय घ्या. काढलेली ट्यूब फोडू नका, कचऱ्याच्या गाडीत तर अजिबात नको, ई-कचऱ्यात द्या.