मदत हवी आहे : न्यायालयाचा आदेश हातात आहे, तरी घराचे कुलूप निघत नाही

कावेरी_नीलमनगर
आमच्या बचत गटातील एका मैत्रिणीला कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली आदेश मिळाला आहे, परंतु नवरा तो पाळत नाही आणि पोलीस ठाण्यात गेल्यावर "हे दिवाणी प्रकरण आहे, न्यायालयात जा" एवढेच ऐकवले जाते. आदेश मोडणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद असताना गुन्हा का नोंदवला जात नाही? सोमवारी आम्ही खासदारांना कायदादुरुस्तीचे निवेदन देणार आहोत. त्यात नेमके काय मागावे, हे कृपया लवकर सांगावे. वकील आहेत, त्यामुळे "वकील करा" असे कोणी लिहू नये.

निवृत्त_शिरस्तेदार
ताई, आदेश कोणत्या कलमाखालचा आहे हेच आपण लिहिलेले नाही आणि सगळे तिथेच अडते. कलम 18 चा संरक्षण आदेश, 19 चा निवासाचा आणि 20 चा पैशाचा, असे हे वेगवेगळे आदेश असतात. घर कोणाच्या नावावर आहे, हेही कळवावे.

होटगीरोडकर
कायदा आणखी कडक करण्याआधी त्याचा गैरवापर थांबवण्याची मागणी करा. माझ्या चुलतभावाच्या घरातील सर्वांवर 498अ, म्हणजे विवाहितेच्या छळाचे कलम, लावले गेले आणि त्यात म्हाताऱ्या काकूसुद्धा सुटल्या नाहीत.

अक्कलकोटची_सून
498अ हे जुन्या भारतीय दंड संहितेतील वेगळे, फौजदारी कलम होते. 1 जुलै 2024 पासून ते भारतीय न्याय संहितेच्या कलम 85 मध्ये आला आहे. इथे विषय 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार अधिनियमाचा आहे, ज्यात आधी छप्पर, खर्च आणि संरक्षण मिळते. आपल्या काकूंना घरात कोणी छळत असेल, तर त्याही याच कायद्याखाली अर्ज करू शकतात, मग छळणारा मुलगा असो वा सून.

जुळे_सोलापूरकर
चार वडीलधारी माणसे बसवून समजूत काढावी. कोर्टकचेरीने संसार उभा राहत नाही. तेही जमत नसेल, तर परस्परसंमतीने घटस्फोट घ्यावा, त्यातील सहा महिन्यांची मुदत न्यायालय माफही करू शकते.

कावेरी_नीलमनगर
घटस्फोटाविषयी कोणी विचारलेले नाही आणि बैठका सर्व होऊन गेल्या आहेत. आदेश अंतरिम असून त्यावर 19 आणि 20 ही कलमे लिहिलेली आहेत. घर विडी घरकुल वसाहतीत, सासूच्या नावावर आहे आणि सासू तिथेच राहते. नवरा टॉवेलच्या कारखान्यात कामाला आहे, मजुरी रोख मिळते.

बाळीवेसकर
घर सासूचे असेल तर सुनेचा त्यावर हक्कच नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेले आहे.

निवृत्त_शिरस्तेदार
आपण सांगता तो 2006 चा बत्रा निकाल आहे आणि ऑक्टोबर 2020 मध्ये सतीश चंदर आहुजा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेच तो चुकीचा ठरवला. सासूच्या मालकीच्या घरातही सून नांदत असेल, तर तिथे राहण्याचा हक्क ती मागू शकते. मात्र घर सोडण्याचा आदेश कलम 19 खाली कोणत्याही स्त्रीविरुद्ध देता येत नाही, म्हणून सासू तिथेच राहणार, हे मैत्रिणीला आधीच सांगून ठेवावे.

आता मूळ प्रश्न. एक वर्षाची कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड हे कलम 31 मध्ये आहे, पण त्यात केवळ संरक्षण आदेशाचा उल्लेख आहे, निवासाचा किंवा पैशाचा नाही. पोलिसांचे उत्तर कितीही उर्मट वाटले तरी त्यांना बोट ठेवायला जागा मिळते ती इथेच. निवेदनात पहिली मागणी हीच असावी, की कलम 19 च्या आदेशाचा भंगही कलम 31 खाली यावा. तोवर कलम 19(5) खाली पोलीस ठाण्याने साहाय्य करावे असा आदेश मागता येतो. थकलेल्या रकमेची वसुली पोटगीसारखीच, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या) कलम 144 प्रमाणे होते. रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो.

अक्कलकोटची_सून
मला हे पटत नाही. नवरा आत गेला की मजुरीही बंद, मग खर्च कोण देणार? कलम 20(6) प्रमाणे मालकाला मजुरीतून रक्कम थेट तिला देण्यास सांगता येते, पण रोखीच्या मजुरीत मालक हात वर करतो. त्यापेक्षा प्रत्येक तालुक्याला पूर्णवेळ संरक्षण अधिकारी (या कायद्याखाली पीडित महिलेला मदत करणारा सरकारी अधिकारी) मागा. हे काम दुसऱ्या पदाच्या जोडीला देऊन चालत नाही; सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये जिल्हा आणि तालुका पातळीवर हे अधिकारी नेमण्यास राज्यांना सांगितले, पण तेही महिला व बालविकास विभागातील असलेल्या अधिकाऱ्यांमधूनच. अर्ज साठ दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा, असे कलम 12(5) म्हणते, पण तो झाला नाही तर पुढे काय, हे कायदा सांगत नाही. मागायचेच तर हे मागा.

निवृत्त_शिरस्तेदार
अधिकारी नेमण्यासाठी संसदेत दुरुस्ती कशाला हवी? ते निवेदन राज्य सरकारला द्या. खासदारांकडे कलम 31 च न्या.

कावेरी_नीलमनगर
दोन्ही मागण्या वेगवेगळ्या कागदांवर लिहिते. 19(5) चा अर्ज नव्याने दाखल करावा लागतो का?

निवृत्त_शिरस्तेदार
नाही, चालू प्रकरणातच द्यावा. शिवाय कलम 24 प्रमाणे आदेशाची प्रत न्यायालयाकडून पोलीस ठाण्याला विनामूल्य जायला हवी. ती तिथे पोहोचली आहे का, हे सोमवारच्या आधी पाहून घ्या.