मदत हवी आहे : फ्यूम हूडचा वीजखर्च कमी कसा करावा?

हिंगणा एमआयडीसीत आमची रंगरसायनांची संशोधन प्रयोगशाळा आहे. सहा जुने फ्यूम हूड (रसायनांच्या वाफा पंख्याने बाहेर ओढणारी, पुढे वरखाली सरकणारी काच असलेली कपाटे) दिवसरात्र चालतात. एसीने थंड केलेली हवा सरळ बाहेर फेकली जाते, आणि मे महिन्यात बाहेर ४५ अंश! जीव तुटतो बघून. एलईडी लावून झाले, कॉम्प्रेस्ड एअरची गळती काढली, पॉवर फॅक्टर ०.९९ आहे, म्हणजे तिथेही सुधारायला वाव नाही. शेड भाड्याची, म्हणून सोलर नको.

आता एक्झॉस्ट फॅनला व्हीएफडी (मोटरचा वेग कमीजास्त करणारे उपकरण) लावायचा आहे. वेग ८० टक्के केला तर वीज जवळपास निम्मी लागते. मात्र हूडच्या तोंडाशी हवेचा वेग सेकंदाला ०.५ मीटरखाली जाऊन चालणार नाही. या कामासाठी हूड बंद ठेवायला फक्त रविवार मिळतो.

काच खाली केली की फॅन आपोआप मंदावेल अशी सोय जुन्या हूडवर कुणी केली आहे का? सेन्सर काचेच्या उंचीचा घ्यावा की हवेच्या वेगाचा?